मार्चपर्यंत पुरेल असं

आमची पुस्तकांची बोट या धक्क्यांना वर्षातून दोनदाच लागते,
सप्टेंबरात आणि मार्चात.
मधे अंधार. नॉर्वेच्या या टोकाला
अंधार पाहुण्यासारखा येतो आणि भाडेकरूसारखा राहतो.

बावीस वर्षं मी इथे पुस्तकं देते-घेते आहे.
गोष्ट कशाची, हे शाळेतली मुलं विचारतात.
मोठी माणसं विचारतात, किती दिवस जाईल?
वाण्याकडे तेलाच्या डब्याबद्दल विचारावं तसं.

टोर्गेर तर कॉड तोलायचा ताणकाटा घेऊनच येतो.
जाळीच्या पिशवीत कादंबऱ्या भरतो, टांगतो, डोळे बारीक करतो:
"दोन किलो आठशे. फेब्रुवारी निघेल."
पहिल्या वर्षी मी हसले.
मग त्याची बायको गेली,
आणि त्या सप्टेंबरात त्यानं चार किलो मागितलं.
मी मुकाट्यानं दीपगृहांच्या इतिहासाचे दोन खंड वर ठेवले.

मारेनला जुळ्या मुली झाल्या. तिला हवं होतं
एका हातात मावणारं,
पाजताना अंगठ्यानं उलटता येणारं,
कुठल्याही वाक्यावर सोडून उठलं
तरी रुसून न बसणारं.
मला अर्धा तास लागला.
लिहिणाऱ्यांना वाटतं, सगळ्या वाचकांचे दोन्ही हात मोकळे असतात.

त्याच फेरीला हल्वर्द नावाचा लेखक बरोबर होता,
गावोगाव वाचून दाखवायला.
पहिले दोन दिवस त्यानं फक्त ओकाऱ्या काढल्या.
तिसऱ्या दिवशी बाड काढलं,
सातशे चाळीस पानं, सुतळीनं बांधलेली.
प्रकाशक तीनशेवर अडून बसला होता:
जास्त झाली तर कागद परवडत नाही,
फार कमी झाली तर कण्यावर नाव मावत नाही.
"तुम्ही सांगा," तो म्हणाला, "पुस्तक केवढं असावं?"

मला काय ठाऊक?
मला एवढंच ठाऊक की वादळात आधी जाडी पडतात,
म्हणून त्यांच्यापुढे पितळी दांडी आहे,
आणि बारकी सापडतात थेट उन्हाळ्यात,
फळीमागे, खारट ओल पिऊन जाडी झालेली.
म्हटलं, माझी आई खुर्च्या मोजून बटाटे सोलायची.
"मला खुर्च्या दिसत नाहीत," तो म्हणाला.
"मला दिसतात. म्हणून तर मी लिहीत नाही."

सकाळी न्याहारीला आला तेव्हा
एक काका, एक खटला आणि बर्गनमधला अख्खा हिवाळा
गेलेला होता.
डोळे सुजलेले. समुद्रामुळे, म्हणाला.

तीन वर्षांनी खोक्यातून त्याचं पुस्तक निघालं.
एकशे बारा पानं.
कण्यावर नाव, मुंग्यांची रांग.
टोर्गेरनं ते ताणकाट्याला लावलं,
काटा नुसता दचकला.
"हे गुरुवारी संपेल."
तरी घेतलं. वर नेहमीचं अडीच किलोही.

मार्चात अडीच किलो परत आलं. ते नाही.
"हरवलं?"
"संपलं नाही."
मग टोपीची कड चाचपत,
"एकतिसाव्या पानावर एक बाई आहे. जाळं विणता विणता उठते,
दाराशी जाते.
ती परत येऊन बसेल, म्हणून थांबलोय."

मी ते पुस्तक पूर्ण वाचलंय.
ती परत येत नाही.
पुढे कुणी तिचं नावसुद्धा काढत नाही.
असेल ती त्या सहाशे अठ्ठावीस पानांत,
कुठल्याशा माळ्यावर, सुतळीच्या गाठीखाली,
दाराला हात लावून उभी.

हे मी टोर्गेरला सांगितलं नाही.
भोंगा झाला. धक्क्यावर मारेनच्या मुली
एकाच पुस्तकाचे दोन पुठ्ठे दोन बाजूंनी ओढत होत्या.
टोर्गेरच्या रकान्यात मी परतीचा महिना लिहिला, सप्टेंबर,
आणि शाई वाळायच्या आत
बोटानं पुसला.