कानोसा

पगाराच्या चिठ्ठीवर माझ्या कामाला नाव नाही,
नुसतं 'मदतनीस'.
कुणाचा, ते लिहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी मेतोदीने हातमोजे दिले,
दोन्ही डाव्या हाताचे.
म्हणाला, पडेल ते करायचं.
आणि खरंच, पडेल ते:
पट्ट्यावरून निसटलेल्या मिरच्या, फुटक्या बरण्यांच्या काचा,
गटाराच्या जाळीत तुंबलेली सालं,
लेबलांच्या रिळामागचा मेलेला उंदीर.
एक चाक रुसलेली ढकलगाडी
मी अख्खा सप्टेंबर तिरकी ढकलली,
इतकी, की सुट्टीच्या दिवशीही
स्ट्रुमित्साच्या बाजारातून जरा डावीकडे कलूनच चालायचो.

मिरच्या भट्टीतून येतात काळ्या ठिक्कर,
सोलल्या की आतून लाल, ओल्या,
नुकत्या जन्मल्यासारख्या.
धूर केसांत, उशीत.
बहिणीचं तान्हं उचललं
तर त्याच्या टाळूलाही आयवारचा वास.

पट्टा संपतो तिथे ब्लागुना बसायची,
हातात आलुबुखाराच्या लाकडाची काडी,
चमच्याच्या दांड्याएवढी, टोकाला झिजलेली.
एकेका झाकणावर एक टिचकी.
नीट बसलेलं झाकण खणखणीत वाजतं, टिण्.
हवा राहिलेलं बद्द.
बद्द आली की बरणी बाजूला.
सव्वीस वर्षं ती बरण्यांचा कानोसा घेत होती
आणि शेजारी कॉम्प्रेसर
सव्वीस वर्षं तिच्या कानात ओरडत होता.

मला कळलं ते असं:
मी मागून हाक मारली, दोनदा, तिसऱ्यांदा.
ती काडी चालवत राहिली, टिण्, टिण्, बद्द, टिण्,
आणि ती बद्द बरणी
बाकीच्यांबरोबर सरळ खोक्यात गेली.
मी धावत जाऊन काढली.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग बरणीकडे,
मग दाराकडे, कुणी आहे का ते.
म्हणाली काहीच नाही.
रुमालाची गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली.

त्या दिवसापासून माझा झाडू
बरोबर तिच्या पायांपाशी कचरा शोधू लागला.
बद्द आली की मी खोकायचो.
कसा ऐकू येणार तिला खोकला?
मग झाडूचा दांडा तिच्या स्टुलाच्या पायाला टेकवायचो,
हलकेच,
आणि तिचा हात बरणी उचलायचा
जणू तिच्याच कानाने सांगितलं.
ठरलं कधी, कुणी ठरवलं, माहीत नाही.
दुपारी ती माझ्या डब्यात
अर्धं उकडलेलं अंडं ठेवू लागली, एवढंच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी
मेतोदी येऊन उभा राहिला. माझ्या अगदी मागे.
हातात वही, तोंडात सूर्यफुलाच्या बिया.
टिण्, टिण्, टिण्.
बिया फोडल्याचा आवाज.
टिण्.
बद्द.

दांडा हातात होता.
स्टूल वीतभर लांब.
टेकवला असता तर त्याने पाहिलं असतं,
आणि वहीत सगळं लिहिलं गेलं असतं.
मी खाली वाकलो, नसलेली काच उचलली.
बरणी गेली.

हंगाम संपला. भट्ट्या थंड झाल्या.
ब्लागुना पुढच्या वर्षीही येणार म्हणते.
मी टोमॅटोच्या काचघरात जातो, तिथेही पडेल तेच.
पण दुकानात शिरलो की
हात आपोआप वरच्या फळीकडे जातो.
एकेका झाकणावर नखाने टिचकी,
कान लावून,
सगळी रांग, मग मागची रांग.
दुकानदारीण विचारते, काय हवंय?
मी म्हणतो, काही नाही,
आणि पुढच्या झाकणावर
नख ठेवतो.