स्पर्शिका

ऑर्कनीच्या आमच्या बेटावर छपरं दोन तऱ्हेची:
दगडी, आणि युद्धातून उरलेली.
थोरा आयझबिस्टरचं दुसरं.
उभा चिरून पालथा घातलेला
पन्हाळी पत्र्याचा भलामोठा डबा.
सैनिक गेले, मेंढ्या आल्या,
मग मोटरवर चालणारं विणकामाचं यंत्र
आणि एक फ्रीझर, ज्यात तिच्या म्हणण्याप्रमाणे
अख्खं कोकरू नि अर्धा हिवाळा मावतो.

गोल छपराला शिडी नीट टेकत नाही.
मी दोर वरून पलीकडे टाकला,
मॅन्सीनं तो ट्रॅक्टरला बांधला.
ट्रॅक्टरची किल्ली माझ्या खिशात.
मॅन्सी विसराळू आहे.

पॅनल म्हणजे ताठ माणूस,
मोडेन पण वाकणार नाही, हा त्याचा खाक्या.
आणि हे छप्पर ऐंशी वर्षं टिकलं
ते वाकलं म्हणूनच.
वारा येतो, पाठीवरून हात फिरवून जातो,
धरायला कोपरा सापडत नाही त्याला.
आज मी सहा पॅनलचे चोवीस कोपरे
त्याच्या हाती देणार होतो.

शाळेत मिस्टर रेंडल फळ्यावर वर्तुळ काढायचे,
त्याला बाहेरून एक रेघ टेकवायचे.
ही स्पर्शिका. एकाच ठिकाणी शिवते
आणि आपल्या वाटेनं जाते.
मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असे.
आता पोटावर पालथा, कमरेला दोर,
पॅनल पत्र्यावर ठेवून बघतो,
तर ते एका रेषेवर टेकलेलं,
दोन्ही कडांखाली मूठ जाईल एवढी फट.
हीच ती रेघ, सर.
वजन एकोणीस किलो.

फटीत वारा शिरला
तर पॅनल शेजाऱ्याच्या शेतात उगवतं.
म्हणून आधी कमी-जास्त उंचीचे पाय,
त्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या.
भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर, खोलगटात कधीच नाही.
रबरी चकती, मग बोल्ट,
आणि पिळताना थांबायचं कुठे
ते मनगटाला विचारायचं.

एका जागी ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं.
गंज.
मी वरून ओरडलो, नाकापेक्षा मोती जड होतोय!
खालून थोरा:
मग नाक बदल. मोती राहू दे.
दोन पत्रे बदलले. दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी भांडण.
सरळ छपरावर सगळी पॅनल एका दिशेला तोंड करून बसतात,
पंगतीला बसल्यासारखी.
इथे प्रत्येकाचा सूर्य वेगळा.
एकाच माळेत ओवली तर
एक सावलीत गेलं की सगळ्यांचा जीव जातो.
म्हणून ज्याची त्याची डबी, जिची तिची वायर.
इथवर तिला पटलं.
पण सहावं, ती म्हणाली, तिकडे.
तिकडे म्हणजे वायव्येच्या कुशीला,
खाली, खाजखुजलीच्या झुडपांपाशी.

मी कागद दाखवला. वर्षाचं गणित.
ती म्हणाली, वर्षाचं तू कर,
मी जूनचं करते.
जूनमध्ये रात्री साडेनऊला सूर्य कुठं असतो, सांग.
मी घड्याळाकडे बघितलं,
जसं काही त्यात दिशा असतात.
मॅन्सी हसला. त्याला मी किल्ली दिली नाही.

बसवलं. पुटपुटत बसवलं.
डिसेंबरात गेलो तेव्हा नऊनंतर उजाडलं,
तीनच्या आत सूर्य टेकडीमागे.
सहाव्याच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य.
मी काही बोललो नाही.
तीही बोलली नाही. चहा मात्र पातळ होता.

मग जूनमधला एक मंगळवार,
रात्रीचे साडेनऊ, फोन.
बाकीची पाच पेंगलीत, ती म्हणाली. ऐक.
आणि फोन यंत्राजवळ धरला.
खट्‌-सर्र, खट्‌-सर्र,
कुणाच्या तरी स्वेटरची बाही
त्या तिरक्या उन्हावर पुढे सरकत होती.

फोन ठेवायचं ती विसरली.
मीही ठेवला नाही.
बाहेर सगळं लख्ख होतं,
आणि माझ्या स्वयंपाकघरात
दिवा चालू.