तपास लागला नाही

मोंगूच्या पोलीस ठाण्यात बत्तीस वर्षं
मी फायली शिवल्या.
दाभण, लाल फीत, आणि तो शिक्का:
तपास लागला नाही.
शिक्क्याची मूठ माझ्या हातासारखी झाली होती
की माझा हात मुठीसारखा, आता आठवत नाही.

हल्ली काजूच्या झाडाखाली खुर्ची टाकतो
आणि रहस्यकथा वाचतो.
हसू नका. या कथांत मुडदे पडत नाहीत.
चोरीला जातो चर्चचा नगारा,
कुणा नवरीचा डावा बूट,
एखादा बोकड, तोही शेवटी परत येतो
आधीपेक्षा अंमळ गुटगुटीत होऊन.
तपास करतो वजनमापांचा एक निवृत्त निरीक्षक,
पायानं अधू, सायकल हातात धरून चालणारा.
पिस्तूल नाही. खिशात पन्नास ग्रॅमचं पितळी वजन.
बोलताना ते तळव्यावर खेळवत राहतो
आणि समोरचा माणूस खोटं बोलता बोलता थकतो.
चोर सापडला की त्याला चहा,
दोन चमचे साखर.
मग तो रडतो.

बायको म्हणते, "अहो, तुम्हाला हे पटतं तरी कसं?
तुम्हाला?"
नाहीच पटत.
मोटारसायकलला पेट्रोल नसतं,
जबाब लिहायचा तर कागद फिर्यादीनंच आणायचा,
आणि चोर निघतो साहेबांचा भाचा,
साखर त्याच्या घरी पोत्यानं.
पण उपाशी माणूसच ना
तासन्‌तास स्वयंपाकाच्या गप्पा मारतो?

एक फाइल मी कधी नीट शिवली नाही.
लिकांदो, वय नऊ.
पुराच्या दिवसांत होडी घेऊन निघाला,
पलीकडे आजोबांकडे जातो म्हणून.
होडी सापडली. वल्हं सापडलं.
त्याची आई बो नोसिकू दर शुक्रवारी यायची,
बाजारात मासळी विकून,
मनगटापर्यंत खवले चिकटलेले.
मी खुर्ची पुसून द्यायचो.
एवढाच माझा तपास.
अकरा वर्षं.
मी निवृत्त झालो, तर ती अंगणात येऊ लागली.
शुक्रवार चुकवला नाही तिनं.

बोलणार काय?
एकदा हातातलं पुस्तकच वाचून दाखवलं.
इंग्रजी ओळ डोळ्यांनी वाचायची, लोझीत सांगायची,
अडलो की शब्द तीच पुरवायची.
चाळिसाव्या पानावर म्हणाली,
"नगारा त्या स्वयंपाकिणीनं नेलाय.
सगळं गाव शोधतंय.
ती एकटीच कशाखाली वाकून बघत नाही."

मी पानं चाळली. खरंच.
अकरा वर्षं हिला टेबलाच्या त्या बाजूला बसवलं,
या बाजूला बसवायला हवं होतं.

सहा शुक्रवार पुस्तक पुरलं.
शेवटच्या प्रकरणाशी आलो तेव्हा ऊन कललं होतं,
खाली माळावर पाणी चढत होतं,
गोष्टीत निरीक्षकानं चुलीवर किटली ठेवली होती.
तिनं पानावर हात ठेवला.
"सापडेल ना नगारा?"
"सापडेल."
"नक्की?"
"अशा पुस्तकांत सापडतंच."
"मग राहू दे.
पुढच्या शुक्रवारी."

रिकामी टोपली डोक्यावर घेऊन
वाळूत पाय रुतवत ती उताराला लागली.
पानाला एक खवला चिकटला होता, तो तसाच ठेवला.
खुणेसाठी जुनी लाल फीत घातली,
सवयीनं बोटं गाठीकडे गेली.
गाठ मारली नाही.