किमान उजेड

पाटोळे सिस्टरच्या घरचा बोर्ड उघडला
तर चारातला एक स्क्रू गंजून बसलेला,
आत पालीची दोन वाळकी अंडी,
ॲल्युमिनियमची वायर, ब्याऐंशी सालची.
फेज होता. हाफ वायर होती.
न्यूट्रल नव्हता.

पुण्याहून शमुवेलने तीन डिमर पाठवले होते,
काळे, काचेचे, तेल लावल्यासारखे चकचकीत.
दोघांच्या कागदावर बारीक अक्षरात: न्यूट्रल आवश्यक.
"मुनीरभाऊ, आईला उठावं लागू नये, एवढंच."
मी म्हणालो, उठू द्या की त्यांना.
मग म्हणालो, बघतो.

हॉलमध्ये प्लगच्या बोर्डातून न्यूट्रल ओढला.
स्वयंपाकघरात वायर नळीत अडकली,
साबण लावला, स्प्रिंग घातली,
तासभर तिच्याशी गोड बोललो.
झोपायच्या खोलीत भिंत फोडावी लागली असती.
"दिवाळीलाच रंग दिलाय, मुनीर."
तिथं तिसरा बसवला, न्यूट्रलशिवाय चालणारा,
जो दिव्यातूनच गुपचूप घोटभर पीत राहतो.

राऊटर दोन आवाजांत बोलतो,
डिमरला फक्त जाडा आवाज ऐकू येतो.
हे मला कळायला दुपारचे तीन वाजले.

आठ दिवसांनी सकाळीच फोन: "ये."
रात्री दोनला लाईट गेली होती, अडीचला आली,
आणि आली ती तिन्ही खोल्यांत शंभर टक्के.
सिस्टर खुर्चीत बसलेल्या,
पायात अजून चपला.
"चौतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नाईट केली मी.
रात्री वॉर्डातल्या बल्बला तपकिरी कागद गुंडाळायचो.
सगळे दिवे एकदम लागले की समजायचं,
कुणीतरी चाललं.
काल उठले, चपला घातल्या,
आणि कुठल्या खाटेकडं जावं तेच कळेना."

मी काही बोललो नाही. फोन घेतला.
सेटिंगच्या आत सेटिंग, तिच्याही आत एक प्रश्न:
लाईट आल्यावर काय करायचं?
चालू. बंद. पूर्वीसारखं.
तिसऱ्यावर बोट ठेवलं, तीन डिमरना तीनदा.
मेन पाडला, वीस मोजले, उचलला.
घर झोपेतून उठलं नाही.

मग खालची हद्द ठरवायला बसलो.
आठवर बल्ब फडफडतो.
बारावर गुणगुणतो, कान दिला तर.
चौदावर गप्प.
"चौदा ठेवू?"
त्यांनी कपाटातून पाऱ्याचा थर्मामीटर काढला,
बल्बकडं पाठ करून तिरपा धरला.
"दिसत नाही. वाढव."
सोळा.
"अजून जरा."
अठरावर पारा सापडला त्यांना.
कंपनीच्या कागदात ही पद्धत नाही,
पण मी अठरा लिहून घेतलं.

एक राहिलं होतं.
झोपायच्या खोलीतला दिवा बंद केला
तरी पुरता विझत नव्हता,
काजव्याच्या पोटाएवढा आत काही उरायचा.
मी म्हणालो, याला इलाज आहे,
बल्बच्या डोक्याशी एक कपॅसिटर लावायचा, चाळीस रुपये,
उरलेलं सगळं तो गिळतो.
"हे बंद असतानाचं आहे ना?"
व्हय.
"बिल येतं का याचं?"
मीटरला कळतसुद्धा नाही.
"मग राहू दे."
आणि चहा ठेवायला आत गेल्या.

कुंडलिकेच्या पुलावर होतो तेव्हा शमुवेलचा फोन:
ॲपमध्ये आईची खोली शून्य दाखवतंय, बरोबर ना?
गाडी कडेला घेतली.
बरोबर, म्हणालो, शून्यच.

कपॅसिटर खिशातच राहिला.
शुक्रवारी शाहेदानं शर्टासोबत धुतला,
खिडकीत वाळत ठेवला
किल्ल्या आणि भिजक्या दहाच्या नोटेशेजारी.
म्हणाली, गेलं का चालतंय, बघा एकदा.
अजून बघितलं नाही.