टाकी क्रमांक चार

रात्री अडीच वाजता, भांडुपला,
चार नंबरच्या टाकीची मोटर कण्हू लागते.
मी काचेला डोळा लावते.
आत पिठलं.
परवा उसाची मळी पाण्यासारखी होती,
आता पंखा फिरतो तो आपल्याच भोवती,
बुडबुडे एकाच वाटेने वर पळतात
आणि कडेकडेची बुरशी गुदमरते.

तिने केलं काय?
वाढली. टोकाला टोक, फाट्याला फाटा,
गोड लागेल तिकडे.
अंथरूण पाहून पाय पसरावेत
हे तिला शिकवायचा मला पगार मिळतो.

मला ती गोळी-गोळी हवी असते,
भिजल्या साबुदाण्याएवढी, दाणा न् दाणा सुटा.
गोळी फुगली की गाभा उपाशी मरतो,
विस्कटली की पुन्हा पिठलं.
त्यासाठी बीजाणू मोजले, शंखजिऱ्याची पूड घातली,
तिच्या भिंती विणणारा एक जनुक मंद केला.
आणि हे सगळं कशासाठी, तर सरबताच्या पाकिटातल्या
चिमूटभर आंबटपणासाठी.

"फेरे वाढवा," मी म्हटलं.
हरेश्वर तांडेल हलला नाही.
माहुलचा. बापाची होडी खाडीच्या गाळात,
हा इथे वाफेचे व्हॉल्व्ह सांभाळतो.
त्याने नमुना बशीत ओतला,
दोन बोटांत धागा धरून उजेडाकडे नेला,
फाटकं जाळं बघावं तसा.
"ओढू नका मॅडम. गुंता ओढला की तुटतो,
आणि तुटल्या टोकाला दोन फुटतात.
आधी बघा, अडकलंय कुठे."

पहाटेपर्यंत शोधलं.
सोमवारी बदललेला एक स्वस्त नळजोड,
त्यातून पाझरणारं मँगनीज,
इतकं थोडं की तराजूलाही कळू नये.
तिला कळलं होतं.

टाकी गेली. अठरा हजार लिटर
वाफेने मारून सांडपाण्यात सोडले.
तांडेल झाकणाला हात लावून उभा राहिला,
की नुसती ऊब बघत होता? विचारलं नाही.

घरी न्हाणीच्या कोपऱ्यात तीच, काळी,
कुणी वळण न लावलेली,
गळक्या पाइपापासून खिडकीपर्यंत
वाटेल तशी पसरलेली.
ब्लीचमध्ये बुडवलेलं फडकं हातात,
आणि मी आधी तिच्या कडा बघत बसले.