बिनरंगाचा जाळ

नव्या पोराला रंजू पिंपळशेंडे
आधी फडा धरायला शिकवते.
घरचाच, शिंदीचा, झिजून आखूड झालेला.
"हायड्रोजनचा जाळ दिवसा दिसत नाई बावा.
नळीजवळ हा समोर धरून चालाचं.
फडा पेटला, का समजून जाय."

बाप तिचा वणीकडच्या खाणीत होता.
त्याचा जाळ दिसायचा:
उशीवर, नखांत, खोकल्यात.

इथे काचेमागे पाणी फुटतं,
बुडबुडे चढतात, गाजावाजा नाही.
किलोमागे नऊ लिटर, ती वहीत लिहिते,
आणि खाली, कोणी सांगितलेलं नसताना,
गावच्या टाकीची पातळी.

टँकर बंदराकडे निघतात.
कागदांवरच्या परक्या लिपीतलं एक अक्षर
तिला तिफणीसारखं वाटतं.
गावाच्या वाट्याला तूर्तास एक बस,
मारेगावला जाऊन येणारी.

ती फाट्यावर थांबली
की मागच्या नळीतून थेंब गळतात.
शाळेची एक पोरगी वाकून ओंजळ धरते.
"पिऊ नको वं!" रंजू ओरडते,
मग स्वतःच बोट ओलं करून
जिभेला लावते,
आपल्याच नदीचं आहे का
बघायला.