यासीन चौगुलेंचा बायोडेटा

शुक्रवारी जेवणाची भांडी घासून झाल्यावर
यासीनभाई माझ्या बंकच्या कडेला येऊन बसले.
मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एकोणीस वर्षं:
सर्टिफिकेटं, मुदत संपलेले गेटपास,
घडीवर फाटलेला जुना बायोडेटा.
"जुबैलला माणसं घेतायत म्हणे.
जरा वजनदार करून दे."

सोहारमध्ये ऊन अजून उतरलं नव्हतं.
एसीचं पाणी रंगाच्या रिकाम्या डब्यात टपकत होतं.
मी डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागदांचा गुराखी;
या खोलीतले सगळे बायोडेटा
माझ्याच लॅपटॉपवर चरतात.

वर्क्ड अंडर. हेल्प्ड इन. वॉज गिव्हन.
म्हटलं, भाई, असं हात बांधून दारात उभं राहिलं
तर कोण आत घेईल?
हेल्प्ड खोडलं, लेड घातलं.
अंडर काढून टाकलं, म्हणजे फोरमनच काढून टाकला.
भाई हसले. "हे बेस केलंस."

"पण तुम्ही नक्की काय करायचात?"
"काय करणार. परांच्या बांधायचो.
रिफायनरीचं शटडाऊन चार दिवस आधी झालं,
ते जरा माझ्या हातून झालं."
त्यांच्या वाक्यांत सगळं आपोआप व्हायचं,
कर्ता कुठेतरी जेवायला गेल्यासारखा.
मी त्याला ओळीओळीत पकडून आणून बसवत होतो.

"नवीन पोरं यायची, त्यांना सांभाळायचो.
माल सांभाळायचो.
फोरमनचं डोकं फिरलं की त्यालाही सांभाळायचो."
तिन्ही ठिकाणी मी मॅनेज्ड लिहिलं.
माल बसला त्यात, फोरमनही बसला.
पोरं बसेनात.
चाळीस मीटरवर पहिल्यांदा चढून
पाइपाला मिठी मारून डोळे मिटलेली पोरं,
आणि शेजारी चढून गेलेले भाई,
'खाली नको बघू, माझ्याकडे बघ,
घरी बहिणी किती तुला?'

संध्याकाळी ऑफिसच्या प्रिंटरवरून काढून आणला.
भाईंनी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं,
ओठ हलवत अर्धं पान वाचलं.
"हा कोण रे?"
"तुम्हीच."
"चांगला दिसतो माणूस. भेटव एकदा."

मग बोट थांबलं.
झीरो अ‍ॅक्सिडेंट्स, नाइन्टीन इयर्स.
"हे काढ."
"भाई, यावरच तर नोकरी मिळेल."
"कुलमान पडला होता."
"रेकॉर्डला नाही तसं."
"मी खाली उभा होतो," ते म्हणाले. "रेकॉर्ड नव्हतं उभं."

मला तो कागद माहीत होता.
मीच त्याला नंबर दिला होता, रिव्हिजन तीन.
पहिल्यात कुलमान पडला होता,
दुसऱ्यात त्याचा पाय घसरला,
तिसऱ्यात त्याला उन्हाने अस्वस्थ वाटलं.
फर्स्ट एड. फाइल बंद.
तो जगला. इलामला दुकानात बसतो, उठताना काउंटर धरतो.
भाई त्याला दर ईदला फोन करतात.

झीरो खोडलं. तिथे भोक पडल्यासारखी ओळ.
"मग काय लिहू?"
बराच वेळ डब्यातले थेंब ऐकत बसले.
"लिही, रोज सकाळी, कुणी चढायच्या आधी,
प्रत्येक क्लॅम्पला स्वतः हात लावून बघायचो.
त्या दिवसापासून."

चेक्ड लिहिलं.
इन्स्पेक्टेड करून पाहिलं, मग व्हेरिफाइड, मग एन्शुअर्ड.
एन्शुअर्ड वाचून भाई म्हणाले, म्हणजे काय?
म्हणजे खात्री केली.
"खात्री कोण देतो बाबा. हात लावला, एवढंच."
परत चेक्ड. बाय हँड.

'त्या दिवसापासून' कुठे टाकावं ते मात्र कळेना.
तेवढ्या दोन-तीन शब्दांनी
मजकूर दुसऱ्या पानावर जात होता,
आणि जुबैलवाल्यांना एकच पान चालतं.
भाई चहा आणायला गेले.
मी समास अरुंद केला.